तू विसरला नव्हतास

प्रिय विजू,

काल मिलिंद येऊन गेला. माझा दहावीचा विद्यार्थी, आता आपल्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष. येत्या रविवारी मंडळाने तुझ्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला आहे.

"बाई, भाषण नको. तो किस्सा सांगा. सर स्टेजवर ब्लँक झाले आणि तुम्ही विंगेतून वाक्य दिलंत, तो! मुलांनी त्यावर छोटा प्रवेशही बसवलाय. सर विसरतात, कपाळाला हात लावतात. धमाल झालीय."

धमाल! मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

म्हणून हे पत्र. तू मुंबईला गेलास तेव्हा दर पंधरवड्याला तुला पोस्टकार्ड टाकत होते. त्यात सूचनाच जास्त असायच्या. जेवण वेळेवर कर, 'श' आणि 'ष' नीट म्हण. आज एकही सूचना नाही. एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती ज्याच्याजवळ करायची तो गेला.

नाट्यस्पर्धेतला तो प्रयोग मी विसरलेले नाही, विजू. तू बावीस वर्षांचा, आणि काम पन्नाशीच्या बापाचं. मी बी.ए. होऊन नुकती शाळेत लागले होते. रंग लावून उभं राहायची मला हौस नव्हती, पण नाटकाची वही माझ्या हातात असली की सगळे निर्धास्त असायचे. शेवटच्या प्रवेशात मुलगा विचारतो, "बाबा, त्या कागदावर सही कोणी केली?" त्यावर तू म्हणायचं, "मी केली." तालमीत तू ते चटकन म्हणायचास.

स्पर्धेच्या दिवशी म्हणाला नाहीस. मुलाकडे बघत राहिलास. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. नाट्यगृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. पण माझं डोकं वहीत! मला वाटलं, मेला विसरला. मी कुजबुजले, तू हलला नाहीस. मग मी मोठ्यांदा म्हटलं, "मी केली! मी केली!" पहिल्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं नाट्यगृह हसलं.

आणि तू आत आल्यावर मी काय केलं? तू तोंड उघडायच्या आधी सगळ्यांदेखत तुला झापलं. "दोन शब्द पाठ होत नाहीत? दोन?" केसांतली पांढरी पावडर झटकत तू म्हणालास, "चुकलो गो आक्का."

का म्हणालास तसं? परीक्षकांनीही तुझ्या पाठांतरावरच बोट ठेवलं. जे बक्षीस तुझं म्हणून सगळे धरून चालले होते, ते खेडच्या एका मुलाला मिळालं. तू त्याच्या पाठीवर थाप मारून आलास. मी तेही बघितलं, आणि घरी येऊन आईला सांगितलं की याला अभ्यास नको असतो.

मला खरं कळायला बारा वर्षं लागली. तोवर तू मुंबईत धंदेवाईक रंगभूमीवर स्थिरावला होतास. दोन-तीन सिनेमांत इन्स्पेक्टर झालास, एकदा तर खुर्चीतून उठायच्या आतच तुझा सीन संपला. मग तुमचं नाटक दौऱ्यावर इथे आलं. मी तिसऱ्या रांगेत होते. दुसऱ्या अंकात नाटकातल्या तुझ्या बायकोने काहीतरी विचारलं आणि तू थांबलास. तसाच. नजर खाली गेली, हातावर आली. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर तोंडाशी धरला. मग तू एक शब्द बोललास आणि त्या घळाघळा रडू लागल्या.

मी नाही रडले. मला स्पर्धेतला तो प्रयोग आठवला. त्या दिवशीही तू विसरला नव्हतास! तू थांबला होतास. बावीस वर्षांच्या मुलाने सगळं नाट्यगृह मुठीत धरलं होतं आणि मी ती मूठ उघडली.

प्रयोगानंतर आत आले. तू खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत होतास. आरशातून माझ्याकडे बघितलंस आणि वाट बघत राहिलास. आता हिला कळलं, हे तुला कळलं होतं ना? मी म्हणाले, "धोतर फार वर नेसतोस."

"होय गो, उद्या खाली नेसतो," म्हणून तू हसलास.

त्यानंतर तू मालिकेतला अप्पा झालास, घराघरांत गेलास. एका मुलाखतीत तुला विचारलं, सुरुवात कशी झाली? तू सांगितलंस, "मी स्टेजवर ब्लँक झालो. आमची आक्का विंगेत नसती तर पळूनच गेलो असतो." कशाला बोललास असं खोटं? कोणी मागितलं होतं? दुसऱ्या दिवशी भाजी घेताना चार जणींनी माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं. पुढे सावर्ड्याच्या एका शाळेत पाहुणी म्हणून गेले होते, तिथे हाच किस्सा मी स्वतःच्या तोंडाने सांगितला. टाळ्या पडल्या. कॉपी केलेला एक पेपर चौतीस वर्षांत कधी सोडला नाही मी!

तुझी मालिका चालू आहे. त्यांनी अप्पांना मारलेलं नाही, काशीला पाठवलंय. परवा मालिकेतली सून म्हणाली, "अप्पांचा फोन आला होता, ठीक आहेत." मी टीव्ही बंद केला. त्यांना तुझा फोन येतो! मला साडेसात वाजून गेले की हात कुठे ठेवावेत कळत नाही. एपिसोड संपला की तू फोन करून विचारायचास, "काय चुकलं आज?" आणि मी सांगायचे. इतक्या वर्षांत एकदा तरी 'काही नाही' म्हणायला हवं होतं.

मासेवाली काल विचारत होती, "बाई, अप्पा काशीवरनं कधी येनार वो?" तिला म्हटलं, बांगडे साफ करून दे.

आणि मुंबईच्या दवाखान्यातले ते चार दिवस? तुला बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तुझ्या सुनबाईंना मी घरी झोपायला पाठवलं, तुझी उशी सरळ केली, चादर बदलली नाही म्हणून नर्सला बोलले. एवढं बोलले. तुझा उजवा हात माझ्या हातात होता, विजू, आणि जे बोलायचं ते सोडून सगळं बोलले. पाचव्या दिवशी तू गेलास. तुझ्या मुलांनी मला आग्रह केला, राहा म्हणाली. मी दुसऱ्याच दिवशीच्या गाडीने परत आले. घरात येऊन पंखा लावला तेव्हा लक्षात आलं, पोचलीस का म्हणून विचारणारं आता कोणी नाही.

आज चार वाजता मंडळाच्या मुलांची तालीम आहे. मी जाणार आहे. तो कपाळाला हात लावणारा विजू मी रंगमंचावर येऊ देणार नाही. मिलिंद म्हणेल, "बाई, पण लोकांना तोच किस्सा आवडतो." आवडू दे. मुलांना मी तुझं थांबणं शिकवणार. जमणार नाही त्यांना, तरीही शिकवणार.

आणि रविवारी सगळ्यांसमोर सांगणार, चूक माझी होती, मला तेव्हाच माफी मागायला हवी होती, आणि तू इतका मोठा नट होतास हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. हे माझं वचन. लोक हसले तर हसू देत. इतकी वर्षं ते चुकीच्या माणसाला हसत आले आहेत.

तुझी,
आक्का