डिझेल, मोठा थांबा आणि डेपो

३ जून
सूनबाईंचे वडील दहा दिवस राहायला आले. निवृत्त बस ड्रायव्हर. माणूस साधा. मला त्यांचा मुळीच हेवा वाटत नाही, हे आधीच नोंदवतो. नाश्त्याला 'डिझेल' म्हणतात.

४ जून, दुपार
दुपारचं जेवण 'मोठा थांबा'. चारचं खाणं 'हवा भरणं'. रात्रीचं 'डेपो'. नात हसून हसून लोळली. या घरात जेवायला बोलावण्याचा मान अकरा वर्षं माझा. तोही स्वरचित काव्यातून:
वाफ नाचते भांड्यावरती, खिडकीमध्ये ऊन,
ताट बिचारे वाट पाहते, या हो हात धुऊन.
आज दुसऱ्या ओळीत शिरतोय तोच व्याही गरजले, मोठा थांबा, वीस मिनिटं! नात जिन्यावरून उड्या मारत आली.

६ जून
संकल्प: गावठी शब्दांना सुंदर शब्दांनी हरवायचं. सकाळी 'उषाग्रास', दुपारी 'मध्यान्हतृप्ती'. हिला ऐकवले. म्हणाली, जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?

७ जून
मुलाचा ऑफिसातून फोन. डेपोला उशीर होईल म्हणे. माझा मुलगा! सहावीत अख्खं कवितेचं पुस्तक तोंडपाठ होतं त्याला.
रागावलो नाही. फक्त दुपारी जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही. चार वाजता गुपचूप थोडी हवा भरली.

९ जून
नातीने शाळेत सांगितलं, माझे एक बस-आजोबा आहेत आणि एक दुसरे.
दुसरे!

१२ जून
व्याही गेले. निघताना माझा हात धरून म्हणाले, तुमची कविता फार गोड असते हो. टोमणाच असणार.
उद्यापासून पुन्हा काव्ययुग.

१३ जून, दुपारी २
कविता दोनदा म्हटली. चालीवरही म्हटली. नात खोलीबाहेर येईना. ही म्हणाली, पोरीने सकाळपासून घासभर खाल्लं नाही, तुमचं यमक राहू द्या. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी दाराशी ओरडलो, मोठा थांबा! दार धाडकन उघडलं. तिने माझ्या मागे पाहिलं, विचारलं, आले परत? नाही म्हटल्यावर दार बंद.
शेवटी व्याह्यांना फोन लावला. आधी प्रकृती विचारली. मग विषय काढला. ते पलीकडून गरजले; नात धावत आली, पोटभर जेवली. तोवर मी फोन तिच्या ताटाशी धरून उभा. हात भरून आला.
पण फोन लावला कुणी? मी. म्हणजे तिला जेवायला मीच बोलावलं.