बाबांनी मोहरी मागितली

बाबा,

काल तुमचा टेबलफॅन शेवटी भंगारात दिला. भंगारवाल्याने विचारलं, "पार्ट असे सुटे का?" त्याला काय सांगणार? राजा मिलिंदाला भिक्खू नागसेनाने विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. आणि तो थोर प्रश्न तुम्ही भर मे महिन्यात आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत तपासून पाहिलात. पाती, जाळी, मोटर जमिनीवर मांडलीत आणि म्हणालात, "दाखव, ह्यात पंखा खंय आसा? नाय ना? तसोच 'मी'पण नाय." मी म्हटलं, "पटलं. आता जोडा." तो काही जुळला नाही. अनात्मवाद सिद्ध झाला, उकाडा तसाच राहिला.

या सगळ्याच्या मुळाशी वरळीचे काका. बीडीडी चाळीतले, ऑफिसात जन्मभर तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलेले. आई गेल्यावर तुम्ही चहा-बिस्किटांवर दिवस काढत होतात. घरात फोडणी बंद केली होतीत. मोहरी तडतडली की आई ओट्यापाशी आहे असं वाटतं, म्हणून. मी मुकाट्याने उकडलेली डाळ वाढायचे. काका आले, ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "चल रे, परळला संध्याकाळी पालीचा वर्ग असतो. इथे भिंतींशी भांडण्यापेक्षा बरं." ते जन्मापासून बौद्ध, तुम्ही आयुष्यभर गणपतीत आरत्या म्हणणारे. पण आठवड्याभरात वर्गात जास्त शंका तुमच्याच.

पहिल्या आर्यसत्यावर तुमची हरकत नव्हती. दुःख आहे, हे कुणी सांगायला नको होतं. अडलात ते किसा गोतमीपाशी. तिचं मूल गेलेलं, ती ते कडेवर घेऊन औषध मागत फिरते. बुद्ध म्हणतात, ज्या घरात कधी कुणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरते, तसं घर सापडत नाही, आणि तिला उमगतं. तुम्ही उभे राहून शिकवणाऱ्या बाईंना विचारलंत, "बाई, तिने सगळी घरं बघितली, कशावरून?" काकांनी म्हणे तुमचा शर्ट ओढला, पण तुम्ही बसला नाहीत.

रविवारी सकाळी हातात वाटी घेऊन तुम्ही आपल्याच चाळीत दारोदार निघालात, मागून लाजेने काका, त्यांच्यामागून मी. पहिल्याच दारात शेजारची मावशी कावली, "मोहरी होयी तर न्या की! मेला कोण ह्याची चवकशी कित्याक?" मग तिनेच आपल्या थोरल्याचं सांगितलं, पदर डोळ्याला लावला, आम्हाला चहा पाजला. असा चहा आम्ही मजलाभर प्यायलो. कुठे सासरे, कुठे जाऊ, कुठे तान्ही मुलगी. जिथे वर्षानुवर्षं नुसती मान हलवून जात होतात, तिथे तुम्ही टेकून बसलात. दुसऱ्या मजल्यावर तर तुम्हीच आईचं सांगायला लागलात. घरी माझ्याशी त्यातलं एक अक्षर बोलला नव्हतात.

शेवटच्या खोलीत नवं जोडपं भाड्याने आलेलं. तुम्ही मुलीला विचारलंत, "तुमच्या घरात कोणी गेलंय का?"

"हो, हे ऑफिसला गेलेत. आज रविवार असूनसुद्धा."

"तसं नाही गो. वारलंय का कोणी?"

"नाही बाई! दोन्हीकडचे आजी-आजोबासुद्धा आहेत. परवाच इथे येऊन भांडून गेले."

तुमचा चेहरा! काकांनी कपाळाला हात लावला. तिच्या आईने बांधून दिलेली मोहरीची न फोडलेली पुडी तिने तुमच्या वाटीत रिकामी केली.

पुढचं काकांनी मला हसत हसत सांगितलं. तुम्ही ती वाटी बाईंच्या टेबलावर ठेवलीत. "सापडली. गोतमीने अर्ध्यातच सोडलं." बाईंनी मोहरी बोटांनी चाळवली. "मग आता हिचं काय करणार?"

"तेच विचारायला आलोय."

"मोहरी आहे," बाई म्हणाल्या. "फोडणी करा."

घरी येऊन तुम्ही खरंच कढई चढवलीत. तेल जास्त तापलं, झाकण ठेवायचं राहिलं, मोहरी चष्म्यावर उडाली. तुम्ही डोळे पुसलेत आणि म्हणालात, "धूर फार झालाय." डाळ करपून कडू झाली होती. आईने तशी केली असती तर ताट सरकवलं असतंत. त्या रात्री दोनदा वाढून घेतलीत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, यावर सगळ्या पंथांचं एकमत असावं. तुम्ही मात्र पक्के थेरवादी: श्वास संपला की लगेच पुढचा जन्म. तिबेटी लोक सात आठवड्यांपर्यंत मधली अवस्था मानतात, गेलेल्याला तोवर ऐकू येतं म्हणतात, यावर तुम्ही हसायचात. "म्हणजे दादरला उतरून गाडी बदला!" तर सांगायचं राहिलं ते एवढंच, की तुम्ही गेलात तेव्हा मी सात आठवडे तिबेटी होते. कामावरून आले की चपला काढता काढता दिवसभराचं सगळं मोठ्याने सांगायचे. त्यानंतर थेरवादी व्हायचं ठरवलं होतं. इतकी वर्षं झाली, अजून जमलेलं नाही.