आत्याकडे आपणहून आलेलं कुत्रं

अण्णा, काल खालच्या मजल्यावरची सून वर आली. "आजी, आम्हाला छोटं कुत्रं पाळायचंय, पहिल्यांदाच. यातलं कुठलं घेऊ?" म्हणत तिने चार फोटो पुढे ठेवले. चारही कुत्री कापसाच्या बोळ्यासारखी. मी चष्मासुद्धा न लावता विचारलं, "दुपारी घरात कोण असतं?" ती गोंधळली. म्हणाली, "कोणीच नाही." "मग ते दिवसभर काय करणार, भिंतींशी गप्पा मारणार?" एवढं बोलले आणि थांबलेच, कारण ते बोलणं माझं नव्हतं, तुमचं होतं. तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि डोंबिवलीतल्या माझ्या खोलीत तुम्ही बोललात.

स्वातंत्र्य मिळालं आणि कल्याणच्या रेल्वे कॉलनीतले साहेब एकेक करून विलायतेला निघाले, ते दिवस मला लख्ख आठवतात. पेट्या गेल्या, पियानो गेले, कुत्री मागे राहिली. ती यायची गुरांच्या दवाखान्यात, आणि तुम्ही तिथले कंपाउंडर. मग काय, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही अशी कारकून-मास्तर मंडळी रविवारी सकाळी कल्याणातल्या आपल्या दोन खोल्यांत सल्ला विचारायला हजर! सगळा थाट मुलगी बघायला आल्यासारखा. रंग गोरा हवा, केस लांब हवेत. तुम्ही पानाला चुना लावत ऐकून घ्यायचात आणि मग एकेकाला सोलायचात. "लांब केस? या दमट हवेत महिन्याभरात खरूज होईल. विंचरणार कोण, तुम्ही? स्वतःच्या डोक्याला तेल लावायची फुरसत नाही तुम्हाला." "कुत्रं लहान म्हणून काम लहान, असं नसतं बरं का." पहिलंच असेल तर पिल्लू नको, जाणतं घ्या. कान हुंगून बघा, मागून टाळी वाजवून बघा, ते जेवतं कसं ते बघा. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, "तुम्ही निवडूच नका. त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसा. ज्याला यायचं ते येईल." लोक हसायचे. मला मात्र तो मंत्र वाटायचा, आणि तुम्ही कुणीतरी ऋषी.

त्याच सुमारास आत्या आपल्याकडे आली. तुमची थोरली बहीण, पांढऱ्या कपाळाने, कोकणातलं घर बंद करून. मूलबाळ नाही. ती खिडकीपाशी बसायची, तोंडातून शब्द नाही, ताटातला भात चिवडून उठायची. तीन महिने हेच. आई म्हणाली, "वन्सं अशाच राहिल्या तर दिवाळी बघायच्या नाहीत." तुम्ही म्हणालात, "तिला कुत्रं आणतो." आई लाटणं टाकून उठलीच. "काहीतरीच! अहो, त्यांचं सोवळं किती कडक, आणि घरात कुत्रं?" चांगली खडाजंगी झाली. शेवटी आईने अट घातली, वन्संना एकदाच दवाखान्यात घेऊन जा. त्या जनावराने यांना आपलं म्हटलं तर ठीक, नाहीतर घरात पुन्हा विषय नको. आत्या हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मी दहा वर्षांची होते, पण एवढं कळत होतं की हे हुकलं तर आत्या हातची गेली.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात फिनेलचा भपकारा आहे. तुम्ही आत्याला चटईवर बसवता, दाराकडे पाठ करून. मी तिच्या मागे घोटाळतेय. "पोरी, हो बाजूला," तुम्ही ओरडता आणि दार उघडता. झुबकेदार पांढरं कुत्रं बकरीवर भुंकायला धावतं. पिल्लू स्वतःच्या शेपटीमागे गरागरा फिरतं. तिसरी एक लहानखुरी तपकिरी कुत्री, पोक्त, एक कान पडलेला. ती दारात उभी राहते, नाक वर करते, सरळ चालत येते. आत्याच्या मागे जरा थांबते. मग वळसा घालून पुढे येते आणि आत्याच्या पावलावर हनुवटी टेकवते. आत्या दचकते. आता ही अंघोळीला पाणी मागणार, असं मला वाटतं. पण तिचा हात खाली येतो, हळूहळू, आणि त्या पडलेल्या कानावर थांबतो. "अगो बाई, हे कुठलं ध्यान!" आत्या म्हणते. अण्णा, तुम्ही रडलात. मी त्या दोघींकडे बघतच राहिले. देवासमोरसुद्धा मी अशी गप्प उभी राहिलेली नाही, तेव्हा नाही की नंतर नाही.

पुढे अकरा वर्षं ती कुत्री आपल्या घरात होती. आत्या सोवळ्यात असली की ती स्वयंपाकघराच्या बाहेर बसायची. नाकाचं टोकही आत नाही. कुणी शिकवलं होतं तिला? आणि ती पहिली एकादशी! तुम्ही कामावरून आलात तर तिच्या थाळीत भगर आणि दाण्याची आमटी. "अगं अक्का, कुत्र्याला कशाला उपास? त्याला भात घाल!" "माझ्याबरोबर राहायचंय ना? मग माझ्यासारखं राहील." कुत्री निमूटपणे आमटी चाटत होती, आणि तिच्याकडे बघत बघत आत्या स्वतःच्या पानातली भगर पुसून जेवली. आईने पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर तुम्ही ही हकिगत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, "माझी बहीण पाठ करून बसली, आणि कुत्रं आपणहून आलं." शहाडहून लोक ऐकायला यायचे.

अण्णा, ते आपणहून आलं नव्हतं. दवाखान्याचा रखवालदार आगरी होता, त्याच्या डब्यात सुका बोंबील असायचा. मी त्याच्याकडे एक मागितला. "बाय, तुला कनाला गो बोंबील?" म्हणाला, पण दिला. तो मी आत्याच्या मागे घोटाळताना तिच्या चटईवर पसरलेल्या पदराखाली सरकवला. सोवळ्यातल्या आत्याच्या पदराखाली! फिनेलच्या वासात तो वास खपून गेला. कुत्रीने एका घासात त्याचा फडशा पाडला. त्यानंतर तिला अंगण मोकळं होतं, दार उघडं होतं. ती वळसा घालून पुढे का आली, आणि अकरा वर्षं का राहिली, हे मला अजून उमगलेलं नाही. बोंबील एकच होता.

खालच्या सुनेला मी तुमचं सगळं सांगितलं, पाठ करून बसायचंसुद्धा. बोंबलाचं नाही सांगितलं. तुम्हालाही हे पत्र मिळायचं नाही, कारण तुम्ही असाल तिथे आत्याही असणार, आणि तुम्हाला पत्रं मोठ्याने वाचायची खोड. तिने ऐकलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं तर? आत्याचं न बोलणं मी तीन महिने पाहिलंय. मला त्याची अजून भीती वाटते.