फुगा, मच्छरदाणी आणि परदेशातला डोंगर

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा सहा फुटांवरून वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला कसा आहे? (कोरडा की ओला, तेही कळव. हल्ली मी असल्या गोष्टींत फार बारकाईने लक्ष घालतो.) मी ठीक आहे. म्हणजे नाही.

तुला माहीतच आहे, हिला लग्नापासून परदेशातल्या डोंगरांत आठ दिवस पायी हिंडायचं होतं. पंचवीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानाचं निमित्त सांगून ते टाळलं. यंदा हिने परस्पर तिकिटं काढून माझ्या हातात ठेवली. सोबत एक माहितीपत्रक होतं. हिने त्यातली फुलांची चित्रं पाहिली, मी मागच्या पानावरची रोगांची यादी. टायफॉइड, कावीळ, हिवताप, रेबीज... पोटाचे विकार तर इतके, की ते सगळे एकाच पोटात मावणार कसे याची मला चिंता लागली.

दुसऱ्याच दिवशी प्रवाशांना लशी देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे एक्केचाळीस प्रश्न लिहून घेऊन गेलो. बाई फार शांत स्वभावाच्या. निदान सत्ताविसाव्या प्रश्नापर्यंत तरी होत्या.

"वटवाघूळ चावलं तर?"

"जखम साबणाने धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा."

"आणि नुसतं माझ्याकडे बघितलं तर?"

"तर तुम्हीही बघा."

लशींनी दोन्ही दंड असे धरले, की गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवायला हात वर जाईनात. (एका वकीलसाहेबांना मी खुर्चीत घसरून बसायला लावलं. ते मानेने अजून तसेच आहेत म्हणे.) मग सराव सुरू केला. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या चहात टाकून पाहिल्या, तर चहाला पोहण्याच्या तलावाची चव आली. भर दुपारी बैठकीच्या खोलीत मच्छरदाणी लावून, बूट घालून आत झोपलो, तर आत एक डास निघाला. शेवटी मी बाहेर आलो, त्याला आत राहू दिलं.

एवढा बंदोबस्त केल्यावर एका संध्याकाळी हिला आणायला हिच्या बालवाडीत गेलो. तिथल्या एका चिमुरडीने अर्धा फुगवलेला फुगा माझ्या तोंडासमोर धरला. "काका, मी दमले. पुढचा तुम्ही." ताई, इतक्या विश्वासाने माझ्यावर आजवर कुणी काही सोपवलं नव्हतं. मी फुगवला. सतरा दिवसांनी मीच फुगलो. गालगुंड! माहितीपत्रकात त्याचं नावसुद्धा नव्हतं. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या हसल्या नाहीत, पण फुग्याचा भाग मला पुन्हा एकदा सांगायला लावला.

निघायला आता पाच दिवस आहेत. ही रोज बॅग भरते, मी रोज गाल दाखवतो. "होईल हो कमी," म्हणते आणि खिडकीशी नकाशा उघडून वाटेवरून बोट फिरवत बसते. काल मी मन मोठं करून म्हटलं, तू एकटीच जाऊन ये. तिने नकाशाची घडी घातली.

तुझा,
सध्या चौफेर वाढलेला भाऊ

ता. क. : गालगुंड एकदा होऊन गेलं की सहसा पुन्हा होत नाही म्हणे. तुला चौथीत झालं होतं. तेव्हा ही गेली की दहा दिवस माझ्याकडे राहायला ये. मला एकट्याला घर खायला उठतं. वरचं सगळं पत्र खरं म्हणजे यासाठीच.

आणखी ता. क. : पाकीट उघडण्याआधी त्यावरून गरम इस्त्री फिरव.

वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली हे मी लिहितेय. ह्यांची सूज केव्हाच उतरली. जायला हरकत नाही असं डॉक्टरीणबाईंनी लिहूनही दिलंय. तो कागद आज मला दुकानातल्या चष्म्याच्या डबीत सापडला. गालाला फडकं बांधून बसतात ते उगाच. कृपा करून येऊ नका. तुम्ही आलात तर हे जागचे हलायचे नाहीत, आणि मी पंचवीस वर्षं थांबले ती एकटीने डोंगर बघायला नव्हे.