दादाचं धरण, ताईच्या बांध्या

६ जुलै २०१४, रवि.
आम्हा तिघा भावंडांच्या गेमचा सर्व्हर परत बसला. दुकानात समोर झेरॉक्सचं गिऱ्हाईक उभं, आणि मागच्या पीसीवर आमचं ठोकळ्यांचं जग गोठलेलं. लगेच नागपूरहून दादाचा फोन. "तुझं मशीन भंगार आहे." मशीन माझं, लाइट माझी, नेट माझं, आणि वरून शिव्याही मलाच.

७ जुलै
रॅम काढून पुसून लावली. फॅन साफ केला. गेमला वरून जोडलेला एकेक मॉड काढून पाहिला. रेल्वेचा काढला, नवे प्राणी काढले. दुपारी परत आपटला. दादा म्हणे, "तुम्हा गोंदियावाल्यांना नीट लाइट तरी असते का?" तुम्हा गोंदियावाल्यांना! स्वतः सौंदडला चिखल तुडवत मोठा झाला. आठ वर्षांत नागपूरकर.

९ जुलै
आज सर्व्हरचा लॉग, बंद पडण्याआधीच्या नोंदी, नीट वाचला. दर वेळी शेवटी पाणी. वाहत्या पाण्याचा हिशेब करता करता सर्व्हरचा दम निघतो. आणि दर वेळी ऑनलाइन ताई. जेवणं आटोपली की अर्जुनीला भाऊजींच्या दुकानातल्या पीसीवर बसते ती. फोन केला.
"गेममंदी पानी आला होता. वरची बांधी भरली, मंग धुरा फोडून खालच्या बांधीत सोडलं. काऊन, चुकलं का?"
म्हटलं, ताई, गेममधल्या खाचरात पाणी साचलं तरी धान सडत नाही, बांध कशाला फोडायचा?
"तुले काय माहीत? धानाचा परा कधी उपटला का तू?"
हसू आलं. मग राग. काढायचा कोणावर, ते कळेना.

१० जुलै
गेममध्ये ताईच्या भागात जाऊन आलो. रोवणा झालेल्या, धानाची रोपं लावलेल्या बांध्या, एकीखाली एक. मधे मोहाचं झाड. कोपऱ्यात विहीर, तिच्याजवळ बाबूजींची बसायची जागा. हुबेहूब आमचं सौंदडचं शेत. कधी एका शब्दानं बोलली नाही.
एक धुरा फोडला की पार खालपर्यंत पाणी हलतं, तिथे सर्व्हर बसतो. पण आधी तर चालत होतं. आधी पाणी खेळातलं होतं, जागच्या जागी राहायचं. खरं वाहणारं पाणी दादानं आणलं. गेममध्ये बांधलेलं त्याचं धरण खरं दिसावं म्हणून मागच्या महिन्यात नवा मॉड टाकायला लावला.
म्हणजे मॉड काढा, धरण कोरडं. नाहीतर बांध्या काढा.

११ जुलै
दादाला सगळं सांगितलं. क्षणभर थांबला नाही. "बांध्या काढ. ताईला सांग, ती नाही म्हणणार नाही."
हेच. अगदी हेच वाक्य. बाबूजी गेल्यावर शेताच्या वाटणीच्या वेळी हेच म्हणाला होता. ताई आली, कचेरीत हक्कसोडीवर सही केली, साडी घेऊन पाचच्या गाडीनं परत गेली. बहिणीनं सही द्यायची, भावांनी साडी द्यायची, सगळ्यांच्याच घरी चालतं. आणि आता खेळातसुद्धा? लाज कशी वाटत नाही याला. तो बोलत असतानाच मी फोन कापला.

१२ जुलै
ताईला म्हटलं, बांध्या राहू दे, फक्त धुरा फोडू नको. "बरं." दुपारी गेममध्ये आली, धुऱ्यावर थोडी उभी राहिली, गेली. सर्व्हर दिवसभर सुरळीत. दादा खूश. "बघ, सुधारला." 
संध्याकाळी ताईला विचारलं, लवकर काऊन गेलीस? "पानी सोडाचं नाही, त येऊन करू काय?"

१३ जुलै, रवि.
दादाचा निरोप. धुरा ती आज ना उद्या फोडेलच, तेव्हा बांध्या आजच जाऊ दे. नाहीतर तो ऑफिसच्या पोरांच्या सर्व्हरवर चालला. जा म्हणावं! पण मग आम्ही तिघं एकत्र उरतो कुठे? भाऊबीजही फोनवरच होते. त्यासाठीच तर हा खटाटोप मांडला.
ताईला फोन केला. चूक तुझी नाही, दादाच्या मॉडची आहे, तू फक्त म्हण, मी मॉड काढतो. तिच्या मागे भाऊजी कोणाला तरी साखर तोलून देत होते.
"काढून टाक बांध्या. दादाले कायले नाराज कराचं."
मग म्हणाली, "याले पन सही कराले यावं लागते का?"
 तिनंच फोन ठेवला.
ना बांध्या काढल्या, ना मॉड. सर्व्हर आज मीच बंद करून ठेवला. दादाचा फोन वाजून राहिला आहे.