फडकं मी सोडलं

बाबा, काल मी एका गाडीच्या मागच्या चाकांमधल्या डिफ्रन्सलचं तेल बदललं. तीस वर्षांत पान्याला हात लावला नव्हता. काम बरोबर झालं, म्हणून लिहायला बसले. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, ती तोंडातून कधी निघाली नाही. कोंडाण्याच्या त्या जीपचं फडकं मी सोडलं होतं. तुम्ही नाही. झालं एकदाचं लिहून. पण एवढ्यावर भागत नाही, तर आता सगळं ऐका.

मी कर्जतजवळ कळंबला एका बंगल्यावर कामाला आहे. स्वैपाक, झाडलोट, बागेला पाणी. मालकीण मुंबईची, एकटी, शनिवारी येते. तिची गाडी तुम्ही बघितली असती तर हसला असता. जमिनीला टेकलेली, आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं, आणि चालू केली की गल्लीतली कुत्री पळतात. नुसती जोरात पळवायलाच घेतली आहे. तिला दुसऱ्याच्या हाताचा भरवसा नाही, सगळं घरीच करायचं असतं. काल पोर्चमध्ये गाडी चारी बाजूंनी स्टँडवर चढवली, मोबाइल टायरला टेकवला आणि त्यातला माणूस काय करतो ते बघत बघत खाली शिरली. मी कपडे वाळत घालत होते. तिचा पाना खालच्या बुचाला लागलेला दिसला आणि मी ओरडलेच, "ओ मॅडम, थांबा! आधी वरचं बूच खोला. खालनं सगळं तेल गेलं न् वरचं सुटलंच नाय, तर भरणार कुठनं?"

"मावशी, तुम्हाला काय माहीत यातलं?"

"तुमच्या मोबाइलवाल्यापेक्षा जास्त माहीत हाय. सरका."

वरचं बूच खरंच गच्च बसलेलं होतं. पान्याला लोखंडी पाइप अडकवून मी पाय दिला तेव्हा कुरकुरत सुटलं. मग खालचं खोललं. तेल आलं, काळं, जाड, आणि तोच वास, सडक्या अंड्याचा, तुमच्या शर्टाचा. आई तो शर्ट कधी घरातल्या कपड्यांत धूत नव्हती. बुचाच्या चुंबकाला राखाडी गाळ चिकटलेला होता. दोन बोटांत चोळून बघितला. कचकच लागली नाही, म्हणजे आतले दात शाबूत. मॅडमने नव्या तेलाबरोबर एक छोटी बाटली काढली. म्हणाली, या गाडीच्या आत चकत्या असतात, हे घातलं नाही तर वळणावर कटकट वाजतात. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. तेल निथळायला ठेवून ती हात धुवायला आत गेली, तेवढ्यात मी ओट्यावरचं फडकं आणून स्टेअरिंगला बांधलं. माझं मला कळलंसुद्धा नाही. ती येऊन हसायला लागली, "हे काय मावशी, नजर लागू नये म्हणून?"

"आत तेल नाय हाय. फडकं हाय तवर चावी लावायची नाय."

तुमचाच नियम. तेल काढलं की स्टेअरिंगला फडकं बांधायचं, भरलं की ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. खालापूरच्या नाक्यावर आपली पत्र्याची शेड होती तेव्हा भलेभले ड्रायव्हर या फडक्याला घाबरायचे. मी शाळा सोडून तुमच्या हाताखाली आलेली, पंधरा वर्षांची, पाने देणारी आणि शिव्या खाणारी. त्या दिवशी दोन जीपा आहेत. दोन्हींचं तेल तुम्ही काढलंय, एकीत भरलंय, दुसरीचं खालचं बूच नुसतं लावून ठेवलंय, तिच्या स्टेअरिंगला फडकं तसंच आहे, आणि आईने हाक मारली म्हणून मागे जेवायला गेलाय. ऊन पत्र्यातून डोक्यात उतरतंय. मला भूक लागलीय. त्या दुसरीचा मालक, कर्जतकडच्या कोंडाण्याचा जीपवाला, येतो, हॉर्न वाजवतो.

"झाली का गं?"

"बाबा जेवतायत. थांब."

"तुझा बाप जेवून येईस्तवर मी म्हातारा व्हईन. सामान घेऊन जायचंय गं, बायको वाट बघतेय. बघ की जरा."

मी वाकून बघितलं. बूच लागलेलं. तेलाचा डबा बाजूला, अर्धा. मला वाटलं, भरलं असेल, फडकं सोडायचंच विसरले असतील. खरं सांगायचं तर वाटलंही नाही. त्याची कटकट नको होती. मी फडकं सोडलं, त्याला हात पुसले आणि म्हटलं, "जा, ने एकदाची."

तुम्ही तोंड पुसत आलात. मोकळी जागा बघून थांबलात. "गेला तो? फडकं होतं का गं?"

मी म्हटलं, "नव्हतं."

थोबाडीत बसेल म्हणून, बाबा. एवढंच कारण. तुम्ही डोकं खाजवलं आणि म्हणालात, "मग भरलं असंल मी." तेव्हा जीप चौकाच्या पुढेही गेली नसेल. दुसरी जीप समोर तयार उभी होती. खरं बोलले असते तर तुम्ही तसेच धावला असता आणि वाटेत गाठलं असतं. मी ते फडकं पाठीमागे हातात चुरगाळत उभी राहिले.

कोंडाण्याच्या अलीकडे उतारावर मागची चाकं जाम झाली. जीप खड्ड्यात उलटली, तो खाली सापडला, जागीच गेला. डिफ्रन्सलमध्ये तेलाचा थेंब नव्हता. चार दिवसांनी त्याची बायको आपल्या शेडवर आली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तुमी तेल भरलं व्हतं का नाय, येवढं सांगा." तुम्ही तिच्याकडे बघितलं नाही. म्हणालात, "माज्या हातनं राहिलं." मी तिथेच होते, हातात नटांचा ट्रे. ट्रेसुद्धा खाली ठेवला नाही.

त्यानंतर तुम्ही शेड उघडली नाही. माझं डोकं गेलंय, म्हणायचात. कडी लावली का म्हणून तीनतीनदा दाराशी जायचात. चूल विझली का बघायचात. मीठ घालायचं माझ्याकडनं राहिलं का म्हणून आईला विचारायचात, स्वैपाक तिनेच केलेला असतानाही. तुमचं डोकं चांगलं शाबूत होतं. मीच ते बिघडवलं, एका शब्दाने, आणि अकरा वर्षं समोर बसून बघत राहिले. शेवटच्या आजारात तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत, "त्या दिवशी फडकं खरंच नव्हतं का गं?" मी म्हटलं, "जाऊ द्या बाबा, पाणी प्या."

ती बाई अजून आहे. कर्जतच्या बाजारात भाजी घेऊन बसते. मी दुसऱ्या अंगाने जाते. हे कागद तिलाही देणार नाही, माझ्या पोरीलाही नाही. तुम्ही असता तरी दिले नसते, हे मला माहीत आहे.

काल तेल भरून झालं. वरच्या भोकातून तेल बाहेर यायला लागलं, मी बूच आवळलं, फडकं माझ्या हाताने सोडलं. मॅडम खूश. म्हणाली, "मावशी, एवढं येतं तर वडिलांचं गॅरेज का नाही चालवलंत?"

मी म्हटलं, "बाबांना पुढं पुढं विसरायला व्हायचं. एकदा तेल भरायचं राहिलं त्यांच्या हातनं. मग बंदच केलं."

"अरेरे, बिचारे."

मी म्हटलं, "हो ना."