अविभक्त कुटुंबाचं नाकारलेलं रिटर्न

नुंगंबाक्कम, चेन्नई
कार्तिक वद्य, शुक्रवार

तीर्थस्वरूप वेंकोबा अण्णांच्या चरणी धाकटा भाऊ राणोजी याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे आठापैकी सातच अंगं टेकतील, तेवढं गोड मानून घ्यावं).

तुमचं बीपी, जयंती वहिनींची कंबर आणि चिरंजीव अक्षतची नोकरी ही तिन्ही जागच्या जागी आहेत असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. नुंगंबाक्कमहून सिरुसेरीला रजिस्टर पत्र पाठवायचं म्हटल्यावर पोस्टातल्या बाई पत्ता वाचून म्हणाल्या, "इदु चेन्नैदाने सार? फोन पण्णलामे?" चेन्नईतल्या चेन्नईत फोन का नाही करत, हा त्यांचा प्रश्न वाजवी होता. पण माझ्या सख्ख्या भावाने माझा नंबर ब्लॉक केला आहे हे काउंटरवर कसं सांगायचं? मागे पाच माणसं उभी होती. भावाला जुन्या पद्धतीचा फार शौक आहे असं सांगून मी घराण्याची अब्रू वाचवली. मराठीत लिहितोय तेही मुद्दाम. अक्षतला मराठीतलं 'जेवलास का' एवढं कळतं आणि त्याचं उत्तर तो तमिळमध्ये देतो. त्यामुळे हे पत्र तुम्हाला स्वतःच वाचावं लागेल, कुणाकडून त्याचा सारांश मागवता येणार नाही.

तर विषय असा की आपल्या अविभक्त कुटुंबाचं इन्कम टॅक्सचं रिटर्न नाकारलं गेलं. होय, आपल्या. तुम्ही व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून बाहेर पडलात, पण पॅन कार्डातून बाहेर पडायचं राहून गेलं. अप्पांनी चाळीस वर्षांपूर्वी तंजावरच्या दुकानाचं भाडं आणि बँकेतली ठेव 'बालाजीराव, हिंदू अविभक्त कुटुंब' या नावावर केली, आणि त्या कुटुंबात सरकारच्या लेखी आजही तुम्ही, मी आणि अम्मा असे तिघं गुण्यागोविंदाने नांदतो. अप्पा गेल्यावर पहिल्या वर्षी तुम्ही भराल असं मला वाटलं, मी भरीन असं तुम्हाला वाटलं, आणि ते कुणीच भरलं नाही. (अविभक्त कुटुंब कसं चालतं हे कुणाला शिकवायचं असेल तर एवढं एक उदाहरण पुरे.) यंदा मात्र खात्याकडून आठवणीची चिठ्ठी आली. ती मला आली, कारण अप्पांनी पोर्टलवर मोबाइल नंबर तुमचा दिला होता आणि ईमेल माझा. अप्पांची सगळी नोकरी ट्रेझरीत गेली. दोन माणसांकडे दोन किल्ल्या असल्याशिवाय तिजोरी उघडू नये, यावर त्यांची श्रद्धा होती. दोन्ही किल्लीवाले एकमेकांशी बोलतील हे त्यांनी गृहीत धरलं. हुशार माणसंही कुठे ना कुठे चुकतात.

पासवर्ड मला ठाऊक होता (कुलदेवतेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, देवीवर तेवढा भरवसा ठेवून माणूस गेला). एका रविवारी बसून मी सगळं भरलं. भाडं, व्याज, कापलेला कर, सगळं जुळलं. शेवटी पोर्टल म्हणालं की आता पडताळणी करा, ओटीपी मोबाइलवर पाठवला आहे. म्हणजे तुमच्याकडे. त्या दिवशी दुपारी तुमच्या फोनवर एक सहा आकडी नंबर आला असेल आणि तुम्ही तो कुणा भामट्याचा समजून पुसून टाकला असेल, तर तो भामटा मी. मग मी दुसरी वाट धरली. पोचपावती छापायची, सही करायची आणि टपालाने खात्याच्या बंगळुरूच्या ऑफिसला पाठवायची. सही मी केली. अप्पांच्या मागे घरात दुसरं कुणी सही करणारं दिसत नव्हतं, म्हणून झोकात केली, खाली नाव लिहिलं आणि वर देवापुढचं कुंकू लावून पाठवली. काही आठवड्यांनी उत्तर आलं. रिटर्न नाकारण्यात येत आहे, कारण सही करणाऱ्याला या कुटुंबातर्फे सही करण्याचा अधिकार नाही.

खरं सांगतो, मला राग आला नाही. एवढ्या स्पष्ट शब्दांत हे मला आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं, एवढंच. अम्माचं गुडघ्याचं ऑपरेशन, तिच्या गोळ्या, दुकानदाराशी भांडण, तंजावरच्या घरपट्टीची रांग, यातल्या एकाही ठिकाणी माझा अधिकार कुणी विचारला नाही. अधिकार फक्त सही करताना आडवा आला.

मग मी ऑडिटर जयतीर्थांकडे गेलो. आपल्या रस्त्यावरच, साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे. कपाळावर गोपीचंदन, टेबलावर फायली, आणि आवाज असा की वाईट बातमीही स्तोत्रासारखी वाटावी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही विभक्त की अविभक्त? मी म्हटलं, अहो, काय सांगू! चुली दोन, गॅस दोन, गौरी-गणपती दोन. परवाच्या दिवाळीला थोरल्यांनी फराळाचा डबा परत पाठवला, तोही न उघडता. मागच्या महिन्यात मी हेच कागद घेऊन सिरुसेरीला गेलो, तर त्यांच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने माझा फोटो काढून वर पाठवला आणि त्याच्या यंत्रावर लाल फुली आली. (आली ना अण्णा? की तीही अक्षतच्या बोटाने आली? तो वॉचमन बिचारा आसामकडचा पोरगा, त्यालाच लाज वाटली. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तुमच्या घरचं पाणी म्हणून मी ते प्यालो.) हे सगळं मी जयतीर्थांना पुरावा म्हणून सांगितलं आणि त्यांनी त्यातलं एक अक्षरही टिपून घेतलं नाही. म्हणाले, भांडण म्हणजे विभागणी नव्हे. अबोला म्हणजे विभागणी नव्हे. खात्याच्या लेखी तुम्ही एकच कुटुंब, आणि वडिलांच्या मागे त्याचे प्रमुख तुमचे थोरले बंधू. त्यांनी मान्यतेची सही करावी, नाहीतर सगळ्यांनी मिळून रीतसर विभागणीचा कागद करावा. दोन्हींना त्यांची सही लागेल. म्हणजे तुमच्यापासून वेगळं व्हायलाही मला तुमचीच सही हवी!

इथवर हे प्रकरण पैशांचं होतं आणि ते मी सोडूनही दिलं असतं. कर कापला गेलाच आहे, परत मिळणार तो चहापाण्याइतका. पण आता मार्गशीर्ष येतो आहे आणि वद्य पंचमीला अप्पांचं श्राद्ध आहे.

गेल्या वर्षीचं मी उगाळणार नव्हतो, पण हात वळला. वर्षश्राद्ध थोरल्याने करायचं हे मला मान्यच होतं. तुम्ही कळवलंत की फ्लॅटमध्ये होमाचा धूर झाला की छतावरची घंटा वाजते, म्हणून सगळं एका हॉलमध्ये पॅकेजवर करून घेतोय. अम्माला तेवढा प्रवास झेपणार नाही, तर तुम्ही दोघं व्हिडिओवर बघा. बरं. अम्मा पहाटे न्हाऊन सोवळं नेसून लॅपटॉपसमोर पाटावर बसली. मी लिंक दाबली. पडद्यावर आलं की यजमान तुम्हाला लवकरच आत घेतील. आम्ही थांबलो. अम्मा हात जोडून त्या अक्षरांकडे बघत राहिली. तिला वाटलं हाही विधीचाच भाग असेल. दुपार झाली. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि मी दर थोड्या वेळाने लिंक पुन्हा दाबतोय. शेवटी अक्षतने ग्रुपवर केळीच्या पानाचा फोटो टाकला आणि तेव्हा आम्हाला कळलं की अप्पा जेवले. (अक्षत आम्हाला आत घ्यायला विसरला, त्याची ऑफिसची मीटिंग होती, हे मला नंतर कळलं. पोरावर माझा राग नाही. यजमान तो नव्हता.) तुमची तक्रार अशी की मी हा किस्सा आपल्या नात्यातल्या हरिप्रियाच्या लग्नात चारचौघांत सांगितला. सांगितला. लोक हसले. हसण्यासारखाच आहे. त्या दिवसापासून तुम्ही मला ब्लॉक केलंत, ग्रुप सोडलात, आणि अम्माला आता दोन लेकांपैकी एकाचीच ख्यालीखुशाली समजते.

यंदा अम्माने सांगितलं की श्राद्ध इथे, या घरात, तुझ्या हातून. मी आपल्या घरची पूजा-श्राद्धं सांगणाऱ्या वाध्यारमामांकडे गेलो. त्यांनी पंचांग उघडण्याआधी काय विचारलं असेल? तुम्ही विभक्त की अविभक्त! मला क्षणभर वाटलं हेही इन्कम टॅक्सात आहेत. म्हणाले, भाऊ एकत्र असतील तर थोरल्याने केलं की सगळ्यांचं झालं, धाकट्याने निराळं करू नये. विभक्त असतील तर ज्याने त्याने करावं. मी म्हटलं मामा, तुम्हाला आमचं सगळं ठाऊक आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे, पण तू सरकारला अविभक्त म्हणून लिहून दिलंस ना? तिथे सही ठोकलीस ना? मग तेच तोंड घेऊन पितरांपुढे विभक्त म्हणून कसा बसशील? तुमच्या ऑडिटरला विचारून ये. मी ऑडिटरकडे गेलो. जयतीर्थ म्हणाले, श्राद्धाचं मला सांगता येणार नाही, तुमच्या वाध्यारांना विचारा. पण वाध्यार म्हणतात ते मुद्द्याला धरून आहे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, तरी दोघांचं मत एक. आपण दोघं एका ताटात जेवून वाढलो, आपलं मात्र कशावरही एक होत नाही.

तेव्हा अण्णा, पोर्टलवर माझी सही चालत नाही आणि पाटावर माझा हात चालत नाही. अप्पांना शेवटच्या वर्षात घास मी भरवला. ते तोंड फिरवायचे, मी वाटी घेऊन दुसऱ्या बाजूला जायचो. तेव्हा कुणी मला विचारलं नाही की तू विभक्त की अविभक्त. तोच घास आता पिंड म्हणून ठेवायचा तर मला कागद लागतो. मला हे सहन होत नाही, आणि हे मी विनोदाने लिहीत नाही.

लोभ असावा असं शेवटी लिहायचं असतं. तो मागून मिळत नाही, म्हणून मागत नाही. वहिनींना नमस्कार, अक्षतला आशीर्वाद.

आपला (सरकारदरबारी तरी)
राणोजी

ता. क. : पाकिटात दोन कागद आहेत. पहिल्यावर सही केलीत तर तुम्ही कुटुंबाचे प्रमुख ठरता. मग पंचमीला इथे या आणि श्राद्ध तुमच्या हाताने करा, मी पाणी द्यायला बसेन. दुसरा विभागणीचा. त्यावर सही केलीत तर येऊ नका, मी करीन. दोन्हींवर करू नका, जयतीर्थ म्हणतात तसं चालत नाही. परतीच्या पाकिटावर तिकीट लावलं आहे.

ता. क. २ : वर एवढं सगळं लिहिलं ते तुम्ही दुसऱ्या कागदावर सही करावी म्हणून. पहिला जयतीर्थांच्या आग्रहाखातर घातला आहे. मला वेगळं व्हायचं आहे. मुकाट्याने सही करा आणि पाठवा.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून हे लिहिता येतंय. विभागणीच्या कागदावर अम्माचीही सही लागते, तिचाही एक भाग निघतो. "काय म्हणट्ले रे ऑडिटर?" असं तिने विचारलं, मी समजावून सांगितलं, तिने चष्मा लावून सही केली. पेन परत देताना तिने विचारलं, "तीन भाग झाले तर मग मी कोणाकडली रे?" माझ्याकडली, असं मी म्हटलं असतं तरी तिने मानलं नसतं, कारण तिने ते दोघांना मिळून विचारलं होतं. सही कशावर करायची ते तू ठरव, मी काही बोलणार नाही. पण त्याआधी तिच्या प्रश्नाचं तिला सांग. तिचा नंबर तू ब्लॉक केला आहेस की नाही, हे तिला माहीत नाही. कळेल या भीतीने ती कधी लावून बघत नाही. तेव्हा अण्णा, फोन तू लाव.